लेकराला ‘ढ’ म्हणण्याआधी त्याच्या ऐकण्याची पूर्ण तपासणी करा

“ऐकू तर येतंय त्याला, पण ध्यानच देत नाही.” नांदेड आणि लातूरच्या वस्त्यांत घरोघर फिरताना आयांच्या तोंडून हे वाक्य आम्ही सतत ऐकतो. शाळेत तेच वाक्य थोडं बदलतं, “डोकंच नाही त्याला.” लेकरू आपल्या वस्तीतलं असलं की हा शिक्का मारायला फार वेळ लागत नाही. ‘यांना शिक्षण झेपत नाही’ हे आपल्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं आहे. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. तपासल्याशिवाय कुणाला ढ ठरवू नका, आणि तपासणी अर्धी सोडू नका.

अर्धी का म्हणतो, ते समजून घ्या. आवाज आत घेणं हे कानाचं काम. त्या आवाजातून शब्द वेगळे करणं, त्यांचा क्रम लावणं, गोंगाटातून कामाचं बोलणं निवडणं हे मेंदूचं काम. काही मुलांचे कान ठणठणीत असतात, पण मेंदूचं हे काम नीट होत नाही. याला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, थोडक्यात एपीडी, म्हणतात. असं मूल शांत घरात, समोरासमोर बोललं तर समजतं. पण भरलेला वर्ग, पत्र्यावर वाजणारा पाऊस, बाहेर लाऊडस्पीकर, अशा ठिकाणी त्याच्यापर्यंत आवाज पोचतो, बोलणं पोचत नाही. “वही काढ, बारावं पान उघड, तिसरं गणित सोडव,” असं गुरुजींनी सांगितलं की ते वही काढून तसंच बसतं. सारखं “आं? काय?” विचारतं. ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत गल्लत करतं. श्रुतलेखनात चुका होतात आणि मार बसतो.

लहानपणी वारंवार कान वाहिला असेल, मूल दिवस भरण्याआधी किंवा फार कमी वजनाचं जन्मलं असेल, जन्मल्यावर तीव्र कावीळ किंवा पुढे मेंदूज्वर झाला असेल, तर जास्त लक्ष द्यावं. पुष्कळदा कारण सापडतही नाही. मोठ्यांनाही हा त्रास होतो. अर्धांगवायूचा झटका, डोक्याला मार किंवा वाढतं वय यामुळे “आवाज येतो, पण लग्नाच्या मांडवात बोललेलं कळत नाही” असं म्हणणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. “म्हातारा मुद्दामच ऐकत नाही” म्हणून घरात भांडणं होतात.

आता तपासणीचं. नेहमीच्या ऑडिओमेट्रीत शांत खोलीत बारीक ‘टी-टी’ आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. एपीडी असलेलं मूल ही चाचणी सहज पास होतं. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येतं. घरचे म्हणतात, “बघ, कान तर चांगले आहेत, म्हणजे तूच आळशी.” तपासणी इथे थांबली, तर तिने लेकराचं भलं होण्याऐवजी त्याच्याविरुद्ध पुरावाच तयार होतो.

पूर्ण तपासणी अशी असते. आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर कानात मळ, पू, पडद्याला छिद्र आहे का ते बघतात. वस्तीत हीच कारणं जास्त सापडतात आणि त्यांवर उपचार होतात. मग ऑडिओमेट्री. ती नॉर्मल येऊनही तक्रार राहिली, तर ऑडिओलॉजिस्टकडून खास चाचण्या होतात. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवून म्हणायला लावतात. गोंगाटात शब्द ओळखायला देतात. उंच-खालच्या सुरांचा क्रम विचारतात. मूल साधारण ७ वर्षांचं झाल्यावरच या चाचण्या भरवशाच्या ठरतात. शब्दांच्या चाचण्या मुलाच्या भाषेत हव्यात, ही गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. नांदेडच्या सीमेवर देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू बोलणारी मुलं आहेत, तांड्यावर गोरमाटी आहे. अशा मुलाला इंग्रजी शब्द ऐकवले तर त्याचं इंग्रजी तपासलं जातं, ऐकणं नाही.

कुणी म्हणेल, शाळेत शिक्षक पुरे नाहीत, दवाखान्यात औषध नाही, आणि तुम्ही नवा आजार कुठून आणला? आमचं उत्तर असं की, पैसेवाल्याचं मूल मागे पडलं तर त्याची तपासणी होते, आपलं मागे पडलं तर त्याला कामाला लावतात. त्यात पाचवी आणि आठवीला नापास करण्याचा नियम परत आला आहे. दुसरा आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो. एपीडी हा वेगळा आजार मानावा, की लक्ष न लागण्याचा आणि भाषेच्या अडचणीचा भाग, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तो खरा आहे. म्हणूनच घरी बसून निदान करू नका. पण वाद तज्ज्ञांचा आहे, त्याची किंमत आपल्या लेकराने का मोजावी?

कायद्यातही फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात श्रवणदोष डेसिबलवर मोजतात, दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट लागते. एपीडीचं मूल त्यात बसत नाही. पण त्याच कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे, आणि तिच्या व्याख्येत बोललेली किंवा लिहिलेली भाषा समजून घेण्यातली अडचण येते. वाचन-लेखन मागे पडत असेल तर ही तपासणीही मागा. ते प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

सुरुवात कुठून करायची? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. कान वाहणं, कमी ऐकू येणं, शिकण्यातली अडचण हे सगळं त्यांच्या यादीत आहे. पथक येईल तेव्हा आईने शाळेत हजर राहून तक्रार नोंदवून घ्यावी. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात स्पष्ट विचारा, “एपीडीची चाचणी मराठीत होते का?” होत नसेल तर पुढच्या ठिकाणी पाठवण्याची चिठ्ठी लेखी घ्या. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. पण मजुरी बुडवून मुंबई गाठणं प्रत्येकाला जमत नाही. म्हणून आमची मागणी आहे, दोन्ही जिल्ह्यांच्या शासकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस ही तपासणी मराठीत आणि मोफत व्हावी. महिला मंडळांनी आणि विहार समित्यांनी या मागणीचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यावं.

तपासणी होईपर्यंत बिनपैशाचं पुष्कळ करता येतं. लेकराला पहिल्या बाकावर बसवायला शिक्षकांना सांगा. टीव्ही बंद करून, त्याच्या तोंडाकडे बघून बोला. एका वेळी एकच काम सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. कानात तेल ओतू नका, काडी घालू नका, तपासणीशिवाय ऐकण्याचं यंत्र विकत घेऊ नका. आणि “ऐकत नाहीस” म्हणून त्याच्यावर हात उगारणं आजपासून बंद करा.