चुकारा का अडतो?



विरार स्टेशनबाहेर पाटी मांडून बसलेली भाजीवाली पाहा. गिऱ्हाईक क्यूआर कोडवर फोन धरते. मेथीची जुडी पिशवीत पडायच्या आत पाटीशेजारचा डबा बोलतो, 'वीस रुपये मिळाले.' हिशेब कुठल्या तरी दूरच्या संगणकात, पैसे हिच्या बँकेत. यूपीआयची ही सोय 2016 साली आली.

आता आपला कापूस. काटा झाला, गाडी रिकामी झाली, चुकारा? 'पंधरा दिवसांनी या.' आजच रोख हवी, तर शेकडा दोन रुपये काट! 1972 च्या एकाधिकार खरेदीतही हप्त्यांची वाटच पाहिली. तेव्हा म्हणत, हिशेब मोठा, वेळ लागतो. ती सबब आता मेली. मोठ्या रकमेची आरटीजीएससुद्धा डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालते.

अडचण यंत्राची नाही, दानतीची आहे. अडकलेला चुकारा म्हणजे व्यापाऱ्याला आपण दिलेले बिनव्याजी कर्ज. आपल्या कर्जाचे व्याज मात्र आपल्याच डोक्यावर.

फोनने भाव वाढत नाही, खरे. पण ठरलेला भाव तरी वेळेवर हातात पडावा! कापूस असो की ज्वारी, काटापट्टीबरोबर पूर्ण चुकारा, काट शून्य. जिल्हा बैठकीत हाच ठराव करा.