धुराविना ट्रॅक्टर : परंतु उद्‌जन आणावयाचा कोठून?

१९५९ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ॲलिस-चामर्स कंपनीच्या एका ट्रॅक्टरने लसूणघासाची जमीन नांगरली. त्यास एंजिन नव्हते. १,००८ लहान इंधन-विद्युत् घटांच्या सुमारे १५ किलोवॅट विजेवर २० अश्वशक्तीची मोटार चालत होती. इंधन मुख्यतः प्रोपेन वायूचे होते. तो ट्रॅक्टर पुढे वस्तुसंग्रहालयात गेला. शेतात मात्र डिझेलच राहिले.

आता हेच घट उद्‌जन, म्हणजे हायड्रोजन वायूवर चालविले जातात. एका बाजूने उद्‌जन व दुसऱ्या बाजूने हवेतील प्राणवायू येतो आणि त्यांच्या संयोगातून वीज व पाणी निर्माण होते. धूर नाही, काजळी नाही. २०१४ च्या अखेरीस जपानात टोयोटाने अशी मोटारगाडी विक्रीस आणली. एवढे कानी पडताच ‘पाण्यावर चालणारा ट्रॅक्टर’ आल्याची वार्ता गावात पसरते. कृषी सहायकांनी हा समज वेळीच दूर करावा. पाणी हे या यंत्राचे इंधन नव्हे. ती त्याची राख आहे.

पाण्यातून एक किलो उद्‌जन वेगळा काढण्यास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज खर्ची पडते. त्याच वायूपासून घटात परत मिळतात जेमतेम १६ ते २० युनिट. शिवाय वायू प्रचंड दाबाखाली टाकीत भरावा लागतो, त्याचा खर्च निराळा. तीच वीज बॅटरीत साठविल्यास तिचा बराच मोठा भाग चाकापर्यंत पोहोचतो. पिकास पाणी देण्यासाठी ज्या शेतकऱ्यास रात्री जागावे लागते, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय आज बहुतेक उद्‌जन नैसर्गिक वायू व कोळशापासूनच काढला जातो. म्हणजे धूर बांधावरून हलला, एवढेच.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. या अभियानातून निघणाऱ्या स्वच्छ उद्‌जनावर पहिला हक्क खताचा असावा. अलिबागजवळील थळ येथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया व त्यापासून युरिया तयार होतो. अमोनियाला उद्‌जनावाचून गत्यंतर नाही. ट्रॅक्टरला बॅटरीचा पर्याय आहे. लांब पल्ल्याच्या अवजड मालमोटारींत बॅटरीचे ओझे अडचणीचे ठरते, तेथे घटांचे प्रयोग अवश्य चालू राहावेत. भुईमुगाच्या वावरातील ट्रॅक्टरची पाळी त्यानंतर.