लाटेवर उभे राहताना

वर्धा जिल्ह्यातील मुलांची पाण्याशी ओळख होते ती पवनारच्या धाम नदीकाठी, बोर धरणावर किंवा शहरातील जलतरण तलावात. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही सुट्टीत गोव्याला गेलेली मुले आता सर्फिंगचा, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा, हट्ट धरू लागली आहेत. हा हट्ट गैर नाही. मात्र तो पुरवण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी या खेळाची रीत समजून घ्यावी.

हवाई बेटांवरील हा प्राचीन खेळ. १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकणारे ड्यूक कहानामोकू यांनी तो जगभर नेला. टोकियोच्या स्पर्धेत, २०२१ साली, त्याला ऑलिम्पिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले. भारतात कर्नाटकातील मुल्की, तसेच चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवरील कोवलम ही त्याची प्रमुख केंद्रे होत. कोवलमला कोळी कुटुंबातील मूर्ती मेगवन यांनी हा खेळ आत्मसात केला आणि गावच्या मुलांनाही शिकवला. सेवाग्राम स्थानकावरून जाणारा लोहमार्ग थेट चेन्नईस पोहोचतो. त्या अर्थाने हे ठिकाण वर्धेकरांना फारसे परके नाही.

उभे राहण्याचा पहिला धडा पाण्यात नव्हे, जमिनीवर घेतला जातो. तो वर्ध्यातील घराच्या गच्चीवरही चटई अंथरून गिरवता येतो. पालथे झोपावे, तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना टेकवावेत, हातांवर जोर देऊन छाती उचलावी आणि दोन्ही पाय एका झटक्यात शरीराखाली आणावेत. एक पाय मध्यभागी, दुसरा मागे. गुडघे वाकलेले, नजर समोर. आधी गुडघ्यांवर बसून मग उठण्याची सवय लागली, तर ती पुढे अडचणीची ठरते. नजर पायांकडे गेली की तोल गेलाच म्हणून समजावे.

समुद्रात नवशिक्याने कमरेएवढ्या पाण्यातच राहावे आणि फुटून फेसाळत आलेल्या लाटेवर सराव करावा. फळी लांब, रुंद आणि मऊ फोमची असावी. ती स्थिर राहते आणि लागली तरी इजा कमी होते. लाटेने फळीला वेग दिल्यानंतरच उठावे. सायकलचा तोल जसा चालत्या चाकावर सांभाळणे सोपे, तसेच फळीचेही आहे. पडताना डोक्यावर सूर मारू नये. अंग पसरून पडावे आणि हातांनी डोके झाकावे. लाट आणि आपण यांच्यामध्ये फळी कधीही धरू नये; लाट ती अंगावर आदळते.

खरा धोका आणखी वेगळा आहे. नदीकाठचा माणूस पाण्यात उतरण्यासाठी संथ जागा शोधतो. समुद्रावर हीच समजूत घात करू शकते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच जो शांत पट्टा दिसतो, तेथून किनाऱ्यावर आलेले पाणी वेगाने परत आत जात असते. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये, दमछाक होते. फळी असेल तर ती सोडू नये, हात उंचावून मदत मागावी. नसेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे आणि मग वळावे. जीवरक्षकांचा लाल बावटा दिसला, तर पाण्यात पाऊलही घालू नये.

ऋतूचेही भान हवे. चातुर्मासात प्रवास मर्यादित ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. खवळलेल्या अरबी समुद्राच्या बाबतीत पावसाळ्यात ती निक्षून पाळावी. चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा आणि वादळांचा काळ असतो. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाण्याचा बेत हवामान पाहूनच ठरवावा.

व्यापारी घरांना खर्चाचा हिशेब निराळा सांगायला नको. पहिल्याच दिवशी फळी विकत घेण्याचे कारण नाही. शिकवणीच्या शुल्कात ती बहुधा मिळते. त्याआधीचा खर्च मात्र टाळू नये, तो म्हणजे मुलांना नीट पोहायला शिकवण्याचा. ज्याला पोहता येत नाही, त्याने फळीवर उभे राहण्याची घाई करू नये. येत्या उन्हाळ्यात वर्ध्याच्या तलावात शिकलेले पोहणे समुद्रावर जाण्यापूर्वीची पहिली पायरी ठरेल.