आजीचा प्रश्न आणि मेक्सिकोचे कणीस

नातू बाहेर ‘मेक्सिकन कॉर्न’ खाऊन येतो आणि त्याची तोंडभरून स्तुती करतो. आजी एकच प्रश्न विचारते, “त्यात काय काय घातले होते रे?” नातवाला उत्तर ठाऊक नसते आणि अनेक घरांत विषय तेथेच संपतो. वास्तविक, आजीचा प्रश्न नीट सोडवला तर हाच पदार्थ घरातील सर्वांना एकत्र बसून खाता येतो.

मेक्सिकोत या कणसाला ‘एलोते’ म्हणतात. मका हे मूळचे त्याच भूमीचे धान्य. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेथील लोकांनी एका रानगवतापासून ते घडविले. तेथील रस्त्यांवर गाडीवाले उकडलेले वा निखाऱ्यावर भाजलेले कणीस काडीला टोचतात, त्याला मेयोनेज किंवा आंबूस साय फासतात, ‘कोतिहा’ नावाच्या चीजच्या चुऱ्यात घोळवतात आणि वर तिखट भुरभुरून लिंबू पिळतात. दाणे सोडवून पेल्यात दिले की त्याचे नाव ‘एस्कितेस’. मका आणि मिरची त्या खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आली, तर लिंबू आशियातून तिकडे गेले. देवाणघेवाण जुनीच आहे.

आता एकेक जिन्नस तपासू. मेयोनेज म्हणजे तेल आणि अंड्याचा बलक. बाजारात अंडेविरहित प्रकार मिळतो. परंतु पाकिटावरील हिरवा ठिपका लसूण-कांद्याविषयी काहीच सांगत नाही आणि तयार मसाल्यांत त्यांची पूड बहुधा असते. माल मोजून घेतल्याखेरीज पावतीवर सही न करणाऱ्या घराने पाकिटावरील बारीक अक्षरेही वाचावीत. परंपरागत कठीण चीजसाठी दूध विरजताना वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाते. पनीर मात्र लिंबाने होते.

पर्याय निवडताना मूळ जिन्नसाचे काम पाहावे. मेयोनेजचे काम स्निग्धपणा देणे आणि वरचा चुरा धरून ठेवणे. ते चक्का आणि साय करतात. कोतिहा खारट, भुरभुरीत व न वितळणारे असते. मीठ चोळलेले कोरडे पनीर तसेच वागते.

साहित्य : ४ कणसे, त्याच दिवशीच्या दह्याचा घट्ट चक्का अर्धी वाटी, ताजी साय २ चमचे, पनीर १०० ग्रॅम, काश्मिरी तिखट १ चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा, तूप १ चमचा, लिंबू १, चवीपुरते मीठ.

कृती : मेक्सिकोतील कणीस स्वीट कॉर्नइतके गोड नसते, म्हणून गावठी, दाणा भरलेले पण कोवळे कणीस घ्यावे. तेथे ते पुष्कळदा पाल्यासकट भाजतात. आपल्या घरी मात्र पाला पूर्ण उलगडून, केसर काढून, प्रत्येक कणीस उजेडात पाहावे. अळी बहुधा टोकाकडे असते. ती आढळल्यास कणीस अलगद बाहेर नेऊन ठेवावे. त्या एका कणसाचा मोह धरू नये. हे सारे शेगडी पेटविण्यापूर्वी करावे.

पनीर किसून, मीठ चोळून तासभर फ्रिजमध्ये उघडे ठेवावे, म्हणजे ते कोरडे होते. चक्का, साय आणि किंचित मीठ एकत्र फेटावे. कणसांना तूप लावून जाळीवर मध्यम आचेवर फिरवत, सर्व बाजूंनी तपकिरी ठिपके येईपर्यंत आठ-दहा मिनिटे भाजावे. उतरवल्यावर मिनिटभर थांबावे, कारण फार गरम कणसावर चक्का पाणी सोडतो. मग चक्का फासावा, पनीर दाबून लावावे, तिखट व जिरेपूड भुरभुरावी आणि लिंबू पिळावे. मेक्सिकोत वर कोथिंबीरही घालतात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असल्यास ती वगळावी. चवीत फारसे उणे पडत नाही.

कणसाचा हंगाम आणि चातुर्मास एकत्रच येतात. पावसाळी दिवस लवकर अंधारतो. म्हणून पाचच्या सुमारास शेगडी पेटवावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी सर्वांचे खाणे उरकते. ज्यांना कणीस चावत नाही त्यांच्यासाठी भाजलेले दाणे सुरीने उतरवून तेच साहित्य वाटीत कालवावे. ती वाटी आजीपुढे नातवानेच ठेवावी. तिने पुन्हा विचारले, “यात काय काय घातले आहे रे?” तर या वेळी त्याला एकेक जिन्नस मोजून सांगता येईल.