सुकाणूचा पिवळा दिवा

मृगाचा पाऊस सुरू झाला की गोव्यातील गॅरेजांच्या दारी एक तक्रार ठरलेली असते. गाडी चालते, ब्रेक लागतो, गिअर पडतो; परंतु डॅशबोर्डावरील स्टिअरिंगच्या चित्राचा पिवळा दिवा पेटतो आणि विझण्याचे नाव घेत नाही. या तक्रारीचे निवारण बहुधा दोन मार्गांनी होते आणि ते दोन्ही आम्हांस आक्षेपार्ह वाटतात. एक तर यंत्र जोडून बिघाडाची नोंद पुसून टाकायची आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे. नाही तर स्टिअरिंगचा सबंध कॉलमच बदलावयास सांगून मध्यमवर्गीयाच्या खिशाला कात्री लावायची. दुखणे कशाचे आहे हे पाहण्याची तसदी दोन्हीकडे घेतली जात नाही.

हा दिवा सांगतो तरी काय? पोर्तुगीज अमदानीत आमच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या कारेरींना चालकाच्या दंडाखेरीज दुसरे साहाय्य नव्हते. पुढे तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग आले. ते बिघडले की वळणावर पंप कण्हू लागे, तेल गळे, पट्टा करकरे. आता बहुतेक गाड्यांत ते काम विजेची मोटर करते. चालक चाक किती जोराने फिरवीत आहे हे एक संवेदक मोजतो, नियंत्रक पेटी हिशेब करते आणि मोटर हातभार लावते. या साखळीत कोठे खंड पडला की दिवा लागतो. हातभार थांबला तरी चाकांशी असलेली सुकाणूची जोडणी तुटत नाही. गाडी वळते, पण चाक एकाएकी जड होते. पणजीच्या सपाट रस्त्यावर हे निभावून जाईल. अनमोड किंवा चोर्ल्याच्या घाटात, पावसात, समोरून ट्रक येत असता ते निभावेलच असे म्हणवत नाही. म्हणून दिवा लागताच गाडी बाजूस घेऊन थांबवावी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू करावे. दिवा तांबडा असेल किंवा चाक जड झाले असेल, तर गाडी पुढे दामटू नये.

तपासाचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. ही मोटर विजेची मोठी भुकेली असते. म्हणून पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. उभ्या गाडीची धड बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असता आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असावा. तो तसा नसेल तर दोष सुकाणूचा नसून बॅटरीचा किंवा अल्टरनेटरचा असण्याचा संभव मोठा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटे चढतात, अर्थिंगची पट्टी गंजते. ती घासून घट्ट केल्यावर दिवा विझल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. मग फ्यूज पाहावा व गेला असल्यास त्याच क्षमतेचा बसवावा. त्याजागी तारेचा तुकडा अडकवणे म्हणजे आगीला आमंत्रण. पावसात उबेला आलेले उंदीर तारा कुरतडतात, जोडण्यांत पाणी शिरते, हेही ध्यानात असू द्यावे. अरुंद जागी गाडी लावताना चाक शेवटपर्यंत पिळून बराच वेळ धरल्यास मोटर तापते व स्वसंरक्षणार्थ तात्पुरता हातभार कमी करते. तिला निवू दिले की काम भागते.

एवढ्याने भागले नाही तर बिघाडाचा संकेतांक वाचावा. येथे एक मेख आहे. बाजारात मिळणारी अनेक स्वस्त यंत्रे इंजिनापुरतेच पाहतात. सुकाणूचे संकेतांक बहुधा ‘सी’ अक्षराने सुरू होतात आणि ते वाचणारे यंत्र निराळे लागते. त्यामुळे ‘यंत्रात काही दिसत नाही’ या उत्तरावर विसंबू नये. शिवाय संकेतांक फक्त दिशा दाखवतो. संवेदकाचे नाव आले म्हणून संवेदकच गेला असे नाही, त्याकडे जाणारी तारही तुटलेली असू शकते. संवेदक किंवा मोटर बदललीच, तर सरळ दिशेची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. सुकाणूचा कॉलम मात्र घरी उघडू नये. तेथे एअरबॅग असते.

दिव्याला सगळेच दिसते असेही नव्हे. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो व ईको या दोन गाड्यांची ८७,५९९ वाहने स्टिअरिंगच्या टाय रॉडमधील संभाव्य दोषासाठी परत बोलावली. असा यांत्रिक दोष कोणत्याही दिव्यावर उमटत नाही. आपल्या गाडीचा चासी क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर घालून पाहण्यास दोन मिनिटे लागतात आणि अशा दोषाची दुरुस्ती फुकट होते. आमच्याकडे किती मालक ते करतात?

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने आणि काळ्या पाटीची भाड्याची गाडी हाती घेणाऱ्या पर्यटकानेही चावी फिरवताच नजर डॅशबोर्डावर ठेवावी. धड गाडीत हा दिवा क्षणभर पेटतो व इंजिन सुरू झाल्यावर विझतो. जो पेटतच नाही, त्याची वाट कोणीतरी मुद्दाम बंद केली असण्याची शंका घ्यावी. भाड्याच्या गाड्यांना योग्यतेचा दाखला देताना वाहतूक खात्याने एवढे पाहावयास काय हरकत आहे?

आता गॅरेजवाल्यांविषयी. त्यांना सरसकट लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. म्हापशाच्या वा मडगावच्या गल्लीतील कुशल कारागिराला कंपनीची यंत्रे व माहितीपत्रके सहज मिळत नाहीत, मग तो अंदाजाने भाग बदलतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले व त्यात मोटारींचाही समावेश केला. परंतु संकेतस्थळाने गल्लीतल्या कारागिराच्या हाती स्कॅनर येत नाही. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या कारागिरांसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग काढावेत आणि तेथील यंत्रे त्यांना माफक भाड्याने वापरू द्यावीत. तोवर ग्राहकाने एक आग्रह धरावा : बिलावर सापडलेला संकेतांक, मोजलेले व्होल्ट आणि बदललेला भाग लिहून घ्यावा, आणि जुना भाग परत मागावा.