कासवाला लेगोचं घर बांधताय? मग हे वाचा

मुलं मोठी झाली की लेगोचा डबा माळ्यावर जातो. टाकवत नाही आणि कुणाला देऊनही टाकवत नाही, कारण त्यात मोजलेले पाउंड डोळ्यांपुढे येतात. मग कधीतरी घरात हर्मन जातीचं एखादं छोटं कासव येतं. इथे ब्रिटनमध्ये रीतसर प्रमाणपत्र असलं तर ते पाळता येतं. कासव आलं की धाकट्यांच्या डोक्यात हटकून येतंच, आई, याला आपण लेगोचं घर बांधू या ना!

बांधू द्या. प्लास्टिक आहे म्हणून नाक मुरडू नका. लेगो आणि कासव ही जोडी डॉक्टरांनीही जमवलेली आहे. २०१८ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या मेरीलँड प्राणिसंग्रहालयाकडे पोटाकडचं कवच तडकलेलं एक जंगली बॉक्स टर्टल आलं. कवच जोडलं, पण ते जमिनीला घासलं की जखम भरणार कशी? म्हणून तिथल्या पशुवैद्यांनी लेगोचा चाकांचा गाडा करवून घेतला. कवच जमिनीपासून वर राहिलं आणि पाय चालायला मोकळे राहिले. गाडा दिसायला अगदीच साधा होता, कारण त्या जनावराला काय हवं तेवढंच त्यात होतं. आपल्या घरात नेमकं उलटं होतं. आधी किल्ला बांधतात आणि मग त्यात कासव बसतंय का ते बघतात.

तेव्हा माझं सरळ सांगणं असं, की लपायची जागा, आतले आडोसे, वळणाच्या भिंती खुशाल लेगोच्या करा. बाहेरचं कुंपण मात्र लाकडी फळ्यांचंच ठेवा.

हिशेबच करून पाहा. घरातल्या छोट्या कासवाला १२० बाय ६० सेंटिमीटरची, वरून उघडी पेटी ही सुरुवात समजा. भिंत २५ सेंटिमीटर तरी उंच हवी. नेहमीची आठ बटणांची वीट ३२ मिलिमीटर लांब, १६ रुंद आणि ९.६ उंच असते. म्हणजे २६ थर लागतील आणि एका थराला एकशे दहा-बारा विटा. एकूण जवळपास तीन हजार! बरं, एवढ्या जमवल्या तरी भिंत टिकेल याचा भरवसा नाही. कासव कडेकडेनं चालतं, कोपऱ्यात डोकं खुपसतं आणि रेटत राहतं, कंटाळा म्हणून त्याला माहीत नाही. लेगोची लांब भिंत मधे फुगते आणि मग कुठला तरी सांधा सुटतो. बागेत तर नावच काढू नका. तिथे कासव कुंपणाखालून उकरून पसार होतं, म्हणून फळी जमिनीत पुरावी लागते.

आडोशाला मात्र या विटेसारखी वीट नाही. काचेच्या टाकीत कासवाला पलीकडचं दिसतं, मधली काच काही कळत नाही, आणि ते दिवसभर काचेवर पाय घासत बसतं. लेगोची वीट आरपार दिसत नाही, ओलीनं कुजत नाही, धुता येते. शिवाय कासव वाढलं की घर मोडून मोठं करता येतं.

दहा सेंटिमीटरपर्यंतच्या कासवासाठी एक माप देतो. बाहेरून ३२ बाय २४ बटणं, म्हणजे साधारण साडेपंचवीस बाय एकोणीस सेंटिमीटर. भिंत दोन बटणं जाड. थर १४, त्यातले खालचे दोन मातीत पुरायचे. दार जमिनीपासून नऊ थर उंच आणि १२ बटणं रुंद. सगळ्याला मिळून साडेतीनशेच्या आतबाहेर विटा लागतात. गवंडी सांधा मोडून वीट लावतो तशीच लावा, उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. दाराच्या वरच्या थरात लांब विटा घाला, नाहीतर तिथूनच घर बसतं. चिकटवायच्या भानगडीत पडू नका. गोंदाचा वास कासवाच्या नाकात कशाला? आणि चिकटवलेलं घर उद्या मोठं कसं करणार? एवढं सगळं झाल्यावर घराचं वजन भरतं पाऊण किलोच्या आसपास. मोठं हर्मन कासव त्याहून कितीतरी जड असतं. मातीत पुरायला सांगितलं ते त्यासाठीच.

घराला तळ ठेवू नका. बटणांवर चालताना पायांना टोचतं आणि गुळगुळीत प्लास्टिकवर पाय फाकतात. खाली माती आणि नारळाचा भुसा हवा, किंचित ओलसर. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या कवचावर उंचवटे येतात, ते पुढे जात नाहीत. छताला ३२ बटणांचा चौकोनी पातळ पाट नुसता वर ठेवा. त्याला खालून पकड नसते, ते बरंच आहे. उचलून आत डोकावता येतं. छतावर दगड ठेवू नका आणि घराशेजारी पायऱ्याही रचू नका. कासव चढतं, वरून उलटं पडतं, आणि पेटीतल्या ऊब देणाऱ्या दिव्याखाली उलटं पडलेलं कासव जिवाला मुकू शकतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लाल आणि पिवळ्या रंगाकडे कासव चटकन वळतं. एका ओळखीच्या घरी बघितलं. दाराच्या चौकटीत एका बटणाचा लाल तुकडा बसवलेला. कासव थबकलं, मान लांबवली, नाक टेकवून वास घेतला आणि एकदम तोंड उघडून चावा घेतला. तुकडा घट्ट होता म्हणून निभावलं. गिळलेला तुकडा आतड्यात अडकला तर मामला थेट शस्त्रक्रियेवर जातो. तेव्हा लहान तुकडे, माणसांच्या टोप्या, आणि मुलांना फार आवडणारी ती प्लास्टिकची फुलं-पानं आत अजिबात नकोत. कासव डँडेलियनची पिवळी फुलं आवडीनं खातं. त्याला खरं-खोटं कसं कळावं? मुलांना सजावटीची हौस असेल तर लाकडी पेटीच्या बाहेरच्या अंगाला मोकळीक द्या. घरात डुप्लो असेल तर उत्तमच. ती वीट प्रत्येक बाजूनं दुप्पट असते आणि गिळायचा प्रश्न येत नाही.

दिव्यापासून घर लांब ठेवा. ऊन खायच्या जागी ३२ ते ३५ अंश लागतात, तिथे सपाट दगड ठेवा. लपायचं घर थंड टोकाला. लेगोचं प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. एवढी उष्णता पेटीत नसली तरी बल्बच्या अगदी जवळ असू शकते. म्हणून दिवा विटांच्या खांबावर कधीच टांगू नका, वरून साखळीनं सोडा. अतिनील दिव्याखाली पांढऱ्या-करड्या विटा पिवळट पडतात आणि जुन्या झाल्या की ठिसूळ होतात. तडा गेलेली वीट काढून टाका.

महाराष्ट्रातले नातलग फोटो बघून विचारतात, आम्हीही एक आणू का? स्टार कासव आणायचं मनात असेल तर स्पष्ट नाही म्हणून सांगा. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. कुणी ‘लक्ष्मी येते’ म्हणून विकायला आणलं तर घेऊ नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

राहिली स्वच्छता. कासवाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, कासव ठणठणीत दिसत असलं तरी. लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालून आजारी पडायची, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. मुलं विटाही तोंडात घालतातच. त्यामुळे कासवाच्या घरात गेलेली वीट पुन्हा खेळण्याच्या डब्यात टाकू नका. तिचा डबा वेगळा, त्यावर नाव लिहिलेलं. धुताना पाणी ४० अंशांपर्यंतच कोमट, साबण आणि जुना टूथब्रश, डिशवॉशर नको. स्वयंपाकघराच्या सिंकमध्येही नको. इथे बरेच जण हिवाळ्यात कासवाला वेगळ्या फ्रिजमध्ये पाच अंशांच्या आसपास झोपवतात. घर पूर्ण मोडून, वीट न् वीट घासायला तेच दिवस बरे, आणि वसंतात नव्या मापाचं घर बांधायला मुलं तयारच असतात.