दंड फक्त पन्नास रुपये

पाळलेला मुका जीव सबळ कारणाविना टाकून देणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या अपराधाला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! तेव्हा बदली झाली किंवा सोसायटीने डोळे वटारले की हौसेने आणलेले कुत्रे घोडबंदर रस्त्यावर सोडताना कोणाचा हात कशाला अडखळेल? २०२३ च्या नियमांप्रमाणे भटका कुत्रा निर्बीजीकरण व लसीकरणानंतर आपल्या मूळ जागी परततो. टाकून दिलेल्याला परतण्यास जागाच नसते. निवाऱ्यातील त्याचा पिंजरा रिकामा होतो तो कोणी त्याला घरी नेले तरच, अथवा त्या दाटीत पार्व्होसारखा रोग शिरला तर. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटकी कुत्री दत्तक घेण्यास मुभा देताना ती पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. पैसे मोजून जातिवंत पिल्लू आणणाऱ्यालाही हाच दंडक नको काय? ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अशा हौशी कुटुंबांनी बाजारात जाण्यापूर्वी निवाऱ्याकडे एक फेरी मारावी. ज्यांना दत्तक घेणे झेपत नाही त्यांनी जुन्या चादरी, रद्दी, तांदूळ पोचवावेत. दंड वाढविणे हे संसदेचे काम. ते साठ वर्षांहून अधिक काळ पडून आहे.